कापलेली अकरा मिनिटं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला नावाने हाक मारणारे थोडेच. बाकी सगळे 'चाळणीवाले भाऊ' म्हणतात. दिग्रसच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानात एक लॅपटॉप आहे, आणि त्या लॅपटॉपपायी हे नाव मला चिकटलं.

मंडळीतल्या एका कुटुंबाने मोबाइलवर ख्रिस्ती सिनेमा म्हणून काहीतरी उतरवून घेतलं, लेकरांना समोर बसवलं आणि आईवडील अंगणात सोयाबीन वाळवत बसले. सिनेमा जगाच्या अंताचा होता. आग, सात डोक्यांचं जनावर, रडणारी माणसं. ती लेकरं पुढे पंधरा दिवस एकटी मोरीत जाईनात. पाळकसाहेबांनी रविवारी उपासना झाल्यावर मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुमच्याकडं मशीन आहे, भाऊ. आधी तुम्ही पाहत जा, मग लोकायले द्या."

हे काम मी फार मनावर घेतलं. मी कुठलीही गोष्ट जरा जास्तच मनावर घेतो, हे माझी बायको लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत आली आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी कानात वायर घालून सिनेमा पाहायचो आणि वहीत टिपून ठेवायचो. कितव्या मिनिटाला शिवी, कितव्या मिनिटाला मारहाण, कुठे नवरा-बायको जास्त जवळ येतात. मग तेवढा भाग कापायचा आणि दोन टोकं जोडायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक आपापले पेनड्राइव्ह घेऊन येत आणि मी चाळलेले सिनेमे भरून देई. "पोरायसाठी काही चांगलं द्या भाऊ," असं म्हटलं की माझी छाती थोडी फुगायची. थोडी नाही, बरीच. ते कबूल करायला हवं.

चाळता चाळता माझी जाळी बारीक होत गेली. प्रभूच्या चमत्कारांवरचा एक सिनेमा मिळाला, मराठीत आवाज दिलेला. त्यात काना गावचं लग्न होतं. आमच्या भागात दारूबंदीसाठी दारूच्या दुकानासमोर ठाण मांडून बसलेल्या बायकांमध्ये मंडळीच्याही भगिनी होत्या. त्यांच्या लेकरांना प्रभू पाण्याचा द्राक्षारस करताना कसा दाखवायचा? मी तेवढं कापलं. माझ्या सिनेमात नोकर सहा रांजण पाण्याने भरतात आणि पुढच्याच क्षणी सगळं लग्नघर आनंदाने नाचायला लागतं.

ढाणकीचे एक शेतकरी बंधू होते, आपल्या दोन पोरींना संध्याकाळी घरी शिकवायचे. पुढच्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, "भाऊ, त्या गावात पाण्याची लय टंचाई होती काय?"

"काहून?"

"नाही, रांजण भरले तर लोकं एवढे खुश झाले. आमच्याकडं टँकर आला तं भांडणं होतात."

मी हसलो आणि विषय बदलला. तेव्हाच थांबायला हवं होतं.

मला एकच मुलगी आहे. तिला सिकलसेल आहे. आमच्याकडे हा शब्द पुष्कळ घरांना माहीत आहे, तरी सांगतो. रक्तातल्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांमध्ये अडकतात. मग हाडं दुखतात. कशी दुखतात ते मला माहीत नाही. मी फक्त ते तिच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. थंडी लागली, पाणी कमी प्यायली, जास्त दमली की कळ सुरू होते. कधी घरच्या शेकाने आणि गोळीने भागतं, कधी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागतं. आईवडील दोघेही वाहक असले तरच मुलाला हा आजार होऊ शकतो. लग्नाआधी रक्त तपासलं तर ते आधीच कळतं.

माझ्या लग्नाआधी बसस्टँडवर सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं होतं. तिथल्या बाईंनी मला बोलावून चिठ्ठी हातात दिली, दुपारी या म्हणाल्या. माझ्या चुलतभावाला हा आजार होता, त्यामुळे ती चिठ्ठी कशाची आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच आठवड्यात मी मुलगी पाहून आलो होतो. तिने पोह्यांची बशी पुढे करताना माझ्याकडे पाहून हसू दाबलं होतं, कारण माझ्या शर्टाची बटणं एक घर चुकली होती. मला ती फार आवडली होती. रक्तात काही निघालं तर लग्न मोडेल या भीतीने मी गेलो नाही. लोकांना सांगितलं, माझा प्रभूवर भरवसा आहे. चिठ्ठी शर्टाच्या खिशातच राहिली आणि धुण्यात तिचा लगदा झाला. ही गोष्ट मी बारा-तेरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

मुलगी चौथीत असताना वर्षात जेवढे दिवस शाळेत गेली, जवळपास तेवढेच घरी राहिली. बाईंनी फार सांभाळून घेतलं, पण तिलाच ते सहन होईना. प्रत्येक वेळी परत गेलं की वर्ग पुढे गेलेला. शेवटी आम्ही ठरवलं, घरीच शिकवू. पुढे मुक्त शाळेतून परीक्षा देता येते. बायको अंगणवाडी सेविका आहे. सकाळी ती अंगणवाडीत, मुलगी माझ्याबरोबर दुकानात, झेरॉक्स मशीनमागच्या टेबलावर. मशीनची ऊब तिला बरी वाटायची.

नागपूरच्या एका ख्रिस्ती कुटुंबाची मुलं मोठी झाली होती. त्यांनी घरच्या शिक्षणाच्या वह्या-पुस्तकांचा एक खोका आम्हाला दिला. परदेशी पुस्तकं, इंग्रजीत, सुंदर गुळगुळीत कागद. प्रत्येक धड्यात देवाचं वचन आणि त्याच धड्यात गणित किंवा निसर्ग. पण निसर्ग तिकडचा. बर्फाचा माणूस, लाल कोठार, सफरचंदाची बाग. मी ती पानं मराठीत करायला बसलो. बर्फाच्या ढिगाऐवजी जिनिंगमधली कापसाची गंजी काढली. बायकोने पाहिलं आणि म्हणाली, "बर्फ वितळते ना, त्याचा धडा आहे तो. तुमचा कापूस वितळून राह्यला काय?"

सफरचंदाच्या जागी मी सीताफळ घातलं. अपूर्णांकाचा धडा होता. एका सीताफळाचे चार समान भाग करा. मुलीने ते गंभीरपणे खरंच करून पाहिलं. अर्ध्या तासाने टेबलावर गराचा चिखल, इकडे तिकडे काळ्या बिया, आणि ती कोपरापर्यंत बरबटलेली.

"बाबा, या पानावर उत्तर काय आहे?"

"एक चतुर्थांश."

"इथं तर एका भागात अकरा बिया आहेत आणि एकात तीन. तुम्ही आधी करून पाह्यलं होतं?"

नव्हतं पाहिलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून चारही भाग खाल्ले. कुणाच्या वाट्याला किती आले ते मोजलं नाही.

असे फार चांगले दिवस होते ते. मी ते आधी सांगतो आहे, कारण पुढचं सांगायला मला जड जातं.

त्या परदेशी वह्यांमध्ये दर दिवसाच्या पानाखाली एक चौकट होती. तिथे देवाचे आभार मानण्यासारखी एक गोष्ट लिहायची. मराठीत करताना मला वाटलं, नुसते आभार मानून कसं चालेल, माणसाने स्वतःला तपासायलाही हवं. मी ती चौकट उभी कापून तिच्या दोन केल्या. डावीकडे 'आजचे आभार' आणि उजवीकडे 'आज मी कुठे चुकले'. कुणीही मला तसं करायला सांगितलं नव्हतं. मी स्वतः रोज ज्या पद्धतीने जगत होतो, तीच तिच्या वहीत छापली, एवढंच. त्या पानांच्या झेरॉक्स मंडळीतल्या इतर घरांनाही दिल्या.

चमत्कारांच्या त्याच सिनेमात पुढे एका बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट होती. सभास्थानाचा एक अधिकारी प्रभूकडे धावत येतो, माझी मुलगी फार आजारी आहे म्हणतो. प्रभू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दी. त्या गर्दीत एक आजारी बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि प्रभू थांबतो. तिच्याशी बोलतो. बाप उभाच. तेवढ्यात घरून निरोप येतो, मुलगी गेली. तरीही प्रभू घरी जातो, तिथे रडारड चालू आहे, तो मुलीचा हात धरतो आणि ती उठते.

ते पहिल्यांदा मी दुकानात एकट्याने पाहिलं. तिथे बापाचा चेहरा बराच वेळ दाखवला आहे. मी मध्येच लॅपटॉप बंद केला. गिऱ्हाईक आलं तर त्याला काय पाहिजे होतं ते मला दोनदा विचारावं लागलं. नंतर मी कात्री लावली. वाटेतला खोळंबा काढला, ती बाई काढली, निरोप काढला, रडारड काढली. बाप बोलावतो, दोघं निघतात, दार उघडतं, मुलगी उठून बसते. एकूण अकरा मिनिटं कापली. मूळ प्रतही पुसून टाकली, मुलीच्या हाती लागू नये म्हणून. तिच्या घरात मरण हा शब्द येऊ नये एवढंच मला हवं होतं.

तो सिनेमा तिचा सगळ्यात आवडता झाला. कळ सुरू झाली की गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर, पाण्याची बाटली उशाशी आणि समोर ती बारा वर्षांची मुलगी. मी मनात म्हणायचो, चला, एक तरी गोष्ट मी बरोबर केली.

मागच्या जानेवारीत थंडी चांगलीच पडली. दोन आठवड्यांत तिला तीनदा कळ आली. तिसऱ्यांदा आम्ही दवाखान्यात चार दिवस काढले. घरी आल्यावर ती झोपली असताना, दुपारी, मी मागे राहिलेल्या वह्या तपासायला घेतल्या. गणित ठीक होतं. भूगोलात गोदावरीच्या जागी पैनगंगा लिहिली होती, तिच्यावर मी लाल रेघ मारली. मग माझं लक्ष खालच्या चौकटींकडे गेलं.

डावीकडची चौकट नेहमीसारखी होती. आईने शिरा केला. मशीन गरम होतं. उजवीकडची मात्र भरून वाहत होती. अक्षर बारीक होत होत समासात चढलं होतं. 'मांजरीला दूध दिलं नाही. आईची हिरवी बांगडी फोडली आणि मांजरीचं नाव सांगितलं. प्रार्थनेत डोळे उघडले. सिस्टरच्या नाकावरच्या केसाला हसले. हे मागच्या वर्षीचं आहे पण लिहायचं राहिलं.' काही चुकांसमोर बरोबरची खूण होती, काहींवर काट मारली होती. मला आधी हसू आलं. मग काट मारलेल्या चुकांसमोर तारखा दिसल्या. त्या तिच्या कळांच्या तारखा होत्या.

संध्याकाळी ती उठल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे काय आहे गं?"

"ते चालू आहे अजून," ती म्हणाली. "पूर्ण नाही झालं."

"काय पूर्ण नाही झालं?"

"कोणती चूक आहे ते शोधून राह्यली ना मी. माफी मागितली की बरोबरची खूण. तरी दुखलं, तर तिच्यावर काट. ती नसते मग."

ती पुढे बोलली, समजावून सांगितल्यासारखी. "त्या मुलीकडे येशू लगेच गेला ना बाबा. तिच्या बाबांनी बोलावलं, ते निघाले, दार उघडलं, ती उठली. दोन मिनिटं पण नाही लागली. मी मोजलं. तुम्ही तर मला कळ आली की किती वेळ बोलावता त्याला. म्हणजे माझ्यातच काहीतरी असेल. ते एकदा सापडलं की झालं."

मी म्हणालो, "चहा ठेवतो," आणि स्वयंपाकघरात गेलो. खरं सांगायचं तर मी तिथून पळालो.

बायको चुलीपाशी नव्हती, मागच्या अंगणात अंगणवाडीची सतरंजी झटकत होती. मी तिला सगळं सांगितलं. वही दाखवली. बोलता बोलता ती चिठ्ठीही सांगून टाकली, शिबिराची, धुण्यात लगदा झालेली. इतकी वर्षं लपवलेली ती गोष्ट सतरंजीच्या धुळीत उभं राहून दोन वाक्यांत संपली. मी म्हणालो, "चूक माझी आहे, आणि शोधून ती राह्यली."

तिने सतरंजीची घडी घातली. मग म्हणाली, "आमच्या गावात पण शिबिर आलतं."

"मग?"

"मग काय. मले पण चिठ्ठी भेटलती. म्या पण नाही गेली." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उलटी बटणं लावलेला नवरदेव हातचा जायला नको होता, काय करता."

मग डोळे पुसून म्हणाली, "मले काही रडाचं नाही आता. तुम्ही तो सिनेमा कापला ना, तो जोडा आधी. सगळा दाखवा पोरीले."

"त्या गोष्टीत मरण आहे."

"ती दवाखान्यात चार दिवस होती. शेजारची खाट रिकामी झाली ते तिनं पाह्यलं. तुम्ही कोणाले लपवून राह्यले?"

अडचण एवढीच होती की मूळ प्रत मीच पुसली होती, आणि इंटरनेटवर ती आता कुठे सापडत नव्हती. मंडळीत विचारत गेलो तर सगळ्यांकडे माझीच चाळलेली प्रत. शेवटी मी सिस्टरकडे गेलो. सिस्टर म्हणजे आमच्या मंडळीतल्या निवृत्त परिचारिका, सत्तरीच्या पुढच्या. माझ्या मुलीला पहिलं इंजेक्शन त्यांनीच दिलं होतं आणि नाकावरचा तो केसही त्यांचाच.

"आहे माह्याजवळ," त्या म्हणाल्या आणि कपाटातून एक सीडी काढली, कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली. "म्या तुझी चाळलेली कधी घेतलीच नाही."

"काहून सिस्टर?"

"चाळीस वर्षं वॉर्डात काढले म्या. तुझ्या सिनेमात सगळे लोकं लवकर बरे होतात. मले पटत नाही." मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "तुह्यी नियत चांगली आहे, बापू. पण भाजीतला खडा काढता काढता तू भाजीच फेकून राह्यला. बस, चहा घे."

रविवारी उपासनेनंतर, जेवणं झाल्यावर, खिडकीला चादर लावून आम्ही तिघं बसलो. सीडीला ओरखडे होते, मध्येच चित्र चौकोनी होऊन थांबायचं. मी रिमोट बायकोच्या हातात देऊन टाकला. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

काना गावचं लग्न आलं तेव्हा मुलगी ओरडली, "अच्छा, म्हणून नाचून राह्यले होते!" आणि बायको पदर तोंडाला लावून हसली. मग ती गोष्ट सुरू झाली. बाप धावत आला. दोघं निघाले. आणि जिथे माझ्या सिनेमात दार उघडायचं, तिथे गर्दी सुरू झाली.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"हे मी कापलं होतं," मी म्हणालो. "अकरा मिनिटं."

त्या बाईने वस्त्राला हात लावला, प्रभू थांबला, विचारत राहिला कोण शिवलं म्हणून. बाप बाजूला उभा. मुलगी पुढे सरकली.

"ती बाई किती वर्षं आजारी आहे म्हणे?"

"बारा."

"आणि ती मुलगी बारा वर्षांची." तिने बोटांवर काहीतरी केलं. "म्हणजे ती जन्मली तेव्हापासून ही आजारी आहे. इतकी वर्षं." मग विचारलं, "हिने काय चूक केली होती?"

"काही नाही. कुठेच लिहिलेलं नाही."

"आणि मुलीने?"

"तिनेही काही नाही."

घरून निरोप आला. मुलगी गेली. माझा हात आपोआप रिमोटकडे गेला, बायकोने तो दुसऱ्या बाजूला ठेवला. पडद्यावर तो बाप उभा होता, बराच वेळ, मागे दुकानात पाहवला नव्हता तसाच. माझी मुलगी त्याच्याकडेच पाहत होती.

"मेली?"

"हो."

"उशीर झाला म्हणून?"

"हो."

"चूक नसताना?"

"चूक नसताना."

पुढे प्रभू घरी गेला, हात धरला, ती उठली, तिला खायला दिलं. ते सगळं तिने शांतपणे पाहिलं. शेवटच्या पाट्या आल्या. मला राहवलं नाही. मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. म्हणालो, "बेटा, शोधू नकोस आता. चूक सापडली आहे, ती माझी आहे. मी तपासून घेतलं असतं तर..."

ती वैतागली. खरोखर वैतागली. "तुम्ही पण तेच करून राह्यले, बाबा. माझी वही घेऊन तुम्ही भरायला बसले." मग थांबून म्हणाली, "तपासून घेतलं असतं तर मग मी कुठे असते?"

बायको म्हणाली, "सीताफळ कोणी चिवडलं असतं मग?" आणि उठून चादर काढली. खोलीत ऊन आलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा असतो तेव्हा, मी उभा राहिलो. काय काय कापलं ते सांगितलं, चौकटीचंही सांगितलं. दुसऱ्या घरांतल्या लेकरांनी त्या चौकटीत काय लिहिलं असेल हे मला माहीत नव्हतं, आजही पूर्ण माहीत नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाही. मी सगळ्यांना म्हटलं, ती पानं परत आणा, नवी देतो, सिनेमाही पूर्ण भरून देतो. पाळकसाहेब म्हणाले, काम सोडू नका. चाळणी ठेवा, जाळी जरा मोठी करा. आता मी सिनेमा आधी पाहतो, पण कापत नाही. सोबत अर्धा कागद देतो. अमुक ठिकाणी भीती वाटेल असं आहे, लेकराला जवळ घेऊन बसा, आणि ते काही विचारेल त्याला उत्तर द्या.

ढाणकीच्या बंधूंनी पेनड्राइव्ह पुढे करत विचारलं, "मग त्या रांजणाचं काय होतं, भाऊ?"

"घरी जाऊन पाहा."

"बायकोसमोर पाहण्यासारखं आहे ना?"

"आहे. पण आधी हा कागद वाचा."

पंधरा दिवसांनी ते कुणाचे तरी कागद झेरॉक्स करायला दुकानात आले. दारातूनच म्हणाले, "समजलं बरं काहून नाचत होते ते."

मुलीच्या वहीत मी नवी पानं घालून दिली, एकाच चौकटीची, मूळ होती तशी. तिने ती पाहिली आणि माझ्याकडून पेन्सिलीने परत मध्ये रेघ मारून घेतली. मी घाबरलो. तिने उजव्या बाजूला स्वतःच्या अक्षरात मथळा लिहिला, 'आज बाबा कुठे चुकले'. आणि खाली मला रोज सही करायला लावते. पैनगंगा बरोबर होती तरी लाल रेघ मारली. वरणात मीठ दोनदा. गिऱ्हाइकाच्या आधार कार्डावर चहाचा कप. मी सही करतो. इतक्या वर्षांत स्वतःच्या चुकांची यादी वाचताना मला कधी हसू आलं नव्हतं.

परवा हवा पालटली आणि तिला पुन्हा कळ आली. फार नाही, दुपारपासून दिवे लागेपर्यंत. मी दुकान बंद करून तिच्याजवळ बसलो. प्रार्थना केली, पण पहिल्यासारखी घाईची नाही. तिने सिनेमा लावायला सांगितला नाही. माझा अंगठा धरून पडून राहिली, अधूनमधून पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सहीसाठी वही समोर आली. उजव्या चौकटीत लिहिलं होतं, 'काल दुखलं. कुणाचीच चूक नाही. पिशवी जास्त गरम होती, ती बाबांची.'

मी सही केली.